पालथा पेला

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंच्या दारापर्यंत गेली आणि काहीच न विचारता परत आली. त्या दिवशी पुढे जे घडलं, ते एवढ्याशा गोष्टीतून घडलं.

गुरू वृद्ध होते. सगळे त्यांना आबा म्हणत. सायकल दुरुस्तीच्या एका दुकानावरच्या मजल्यावर त्यांची छोटी कार्यशाळा होती. तिथे संगणकाच्या कर्नलचं काम चाले. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. आपल्याला पडद्यावर जे दिसतं त्याच्या पुष्कळ खाली, कुणाच्या नजरेला न पडता, तो डिस्कवर माहिती ठेवतो आणि मागितली की आणून देतो. शिष्येचं नाव चारुता. ‘आमची चारू कर्नलच्या हाताखाली असते,’ असं तिच्या मावशीने शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून समोरचे काका तिला लष्कराच्या कॅन्टीनमधून स्वस्तात प्रेशर कुकर मिळेल का, असं विचारत. चारुता नुसती हसे. समोरच्याचा गैरसमज दूर करण्यापेक्षा गप्प राहणं तिला नेहमीच सोपं वाटे.

कार्यशाळेत तपासणीचं यंत्र एकच होतं, आणि ते आबांच्या खोलीत होतं. त्याच्यावर स्टीलचा एक पेला ठेवलेला असे. जो यंत्रावर कामाला बसेल त्याने पेला पालथा घालायचा आणि काम संपलं की सरळ करून ठेवायचा, असा तिथला रिवाज होता. पेला पालथा असेपर्यंत दुसऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही आणि बसलेल्या माणसाशी बोलायचंही नाही. हा नियम आबाही पाळत. चहाची वेळ टळून गेली तरी ते पालथ्या पेल्याशी भांडत नसत.

चारुताकडे त्या वर्षी एक नाजूक काम होतं. डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या कप्प्यांची भिंतच. त्यातल्या एका कप्प्याला ब्लॉक म्हणतात. कर्नलच्या एखाद्या भागाला ब्लॉक हवा असला की त्याने तो मागायचा, येईपर्यंत थांबायचं, नीट आला ना हे पाहायचं आणि मग वाचायचं. एवढीच गोष्ट, पण ती कोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या आज्ञांमध्ये, जागोजागी लिहिलेली होती. निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या काळी लिहिलेली, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी जराशी वेगळी, जशी आमटी प्रत्येक घरची वेगळी. एके ठिकाणी तर घेतलेला ब्लॉक परत सोडून द्यायचंच राहिलं होतं. त्यामुळे असे ब्लॉक संगणकाच्या मेमरीत साठत जाऊन तो हळूहळू जड होई आणि काही आठवड्यांनी बंद पडे.

आबा तिला म्हणाले होते, “हे सगळं एका जागी आण. वाचायचं काम एकाच फंक्शनने, कोडच्या एकाच तुकड्याने, करावं. ज्याला ब्लॉक हवा असेल त्याने त्याला हाक मारावी.”

चारुताने ते काम जीव लावून केलं. एकेक जागा काढून टाकताना ती तिथली प्रत्येक ओळ वाची. एका जागी तिला चमत्कारिक काहीतरी दिसलं. तिथे ब्लॉक मागितला होता, मग थांबलं होतं, आणि आला नसेल तर पुन्हा मागितला होता. एकदा मागून, थांबून झाल्यावर पुन्हा कशाला मागायचा? कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून पाहणाऱ्या माणसाची तिला आठवण झाली. तरी आबांना विचारावं म्हणून ती उठली होती. पण पेला पालथा होता. नंतर राहूनच गेलं. नव्या फंक्शनमध्ये तिने ती ओळ घेतली नाही.

नवा कोड एका रक्तपेढीच्या यंत्रावर बसवला गेला. थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी तिथल्या तंत्रज्ञ वैशाली सोनटक्के यांचा फोन आला.

“मॅडम, तुमचं यंत्र रुसलंय बघा,” वैशालीताई म्हणाल्या. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. “ब्लॉक वाचता येत नाही म्हणतंय. जुनं सगळं दाखवतं, पण नवं काही लिहूनच घेत नाही.”

“डिस्क खराब झाली असेल का?” चारुताने विचारलं.

“अहो, कोरी करकरीत आहे डिस्क. तपासूनही घेतली, काही दोष नाही. आणि नेमकं आजच रक्तदान शिबिर आहे आमचं. पिशव्या येतायत, आम्ही हाताने लिहून चिकटवतोय. कुठली पिशवी कुठल्या गटाची हे चुकलं, तर काय होईल ते मी सांगायला नको. शिबिर उठलं की संध्याकाळी यंत्र बंद करता येईल. तेव्हा काय घालायचं ते घाला, पण नीट घाला हो.”

चारुताने फोन ठेवला. यंत्र असं का वागलं हे तिला कळत होतं. ब्लॉक वाचता आला नाही की कर्नल समजतो, डिस्क बिघडली. आणि आणखी नासाडी होऊ नये म्हणून तो लिहिणं थांबवतो. त्यात त्याचा शहाणपणाच असतो. पण डिस्क धडधाकट होती. म्हणजे वाचताच आलं नाही, हे त्याला खोटं सांगितलं गेलं होतं. आणि सांगणारं फंक्शन तिच्या हातचं होतं.

ती आबांच्या खोलीकडे धावली. आबा यंत्रासमोर बसले होते. त्यांची पाठ दाराकडे होती, चष्म्याची दोरी मानेवर लोंबत होती. पेला पालथा होता. ती उंबऱ्याशी थांबली, एक पाऊल आत टाकावंसं वाटलं, आणि परत फिरली.

“काय गं, गेलीस तशी आलीस?” शेजारच्या मेजावरून निनाद म्हणाला. तो तिच्याबरोबरच तिथे शिकायला आलेला, आणि जिभेला हाड नसलेला. फोनवरचं बोलणं त्याने ऐकलं होतं. “पोस्टाचं पाकीट तुझ्यापेक्षा जास्त बोलतं.”

“पेला पालथा आहे.”

“मग सोपा उपाय सांगू? संध्याकाळी जुना कोड घालून टाक.”

“जुन्याने काही आठवड्यांनी यंत्र पुन्हा बंद पडेल ना.”

“तेव्हाचं तेव्हा बघू. फक्त तुझं वर्षभराचं काम पाण्यात जाईल, एवढंच.”

तो हे सहज बोलला आणि आपल्या कामाला लागला. चारुताला मात्र त्यानंतर समोरची अक्षरं नीट दिसेनात. तिने आपल्या मेजावरच्या संगणकात नवा कोड पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. ब्लॉक मागावा, तो यावा, मागावा, यावा. एकदाही चूक झाली नाही. यानेच ती जास्त घाबरली. काटा दिसला तर काढता येतो. पाय दुखतोय आणि काटा दिसत नाही, तेव्हा माणसाने काय करावं?

दुपारी तिने पुन्हा डोकावून पाहिलं. पेला सरळ झाला होता. आबा डबा उघडत होते.

“ये चारुता, बस,” ते म्हणाले. “भाकरी घे. ठेचा मात्र जपून, आज सूनबाईंनी रागात कुटलाय.”

ती बसली. भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती आबांच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. निनादने यांना सांगितलंच असणार, तिला वाटलं. म्हणजे सगळं ठाऊक असून हे बोलत नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. आठी असती तर बरं झालं असतं. ज्याच्याकडून काही आशा उरते त्याच्यावरच माणूस रागावतो. आबा कांद्याची फोड मोडत होते, मध्येच खिडकीबाहेरच्या मैनेकडे पाहत होते. त्या शांतपणात चारुताला आपला निकाल स्पष्ट दिसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट आहे ना?” आबांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली, आणि अर्धी भाकरी संपवून उठून आली.

उन्हं कलू लागली तेव्हा वैशालीताईंचा पुन्हा फोन आला. एकाच पिशवीवर तिथल्या दोघींनी दोन वेगवेगळे गट लिहिले होते. वेळीच ध्यानात आलं, पिशवी बाजूला ठेवली. पण आता त्यांचाही आवाज कापत होता. फोन ठेवून चारुता सरळ आबांच्या खोलीत गेली. बोलायचं ते तिने वाटेतच ठरवलं होतं, आणि थांबली तर बोलता येणार नाही हेही तिला माहीत होतं.

“आबा, रक्तपेढीत जुनाच कोड घालू या. आणि मी हे काम सोडते. मला नाही जमत.”

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “रक्तपेढीत काय झालं?”

मग तिने सगळं एका दमात सांगितलं: ब्लॉक वाचता येत नाही, डिस्क चांगली आहे, शिबिर चालू आहे, पिशवीवर दोन गट लिहिले गेले. आबांनी मध्ये एकच प्रश्न केला.

“तू चालवून पाहतेस तेव्हा चूक होत नाही?”

“एकदाही नाही.”

आबांनी यंत्रावरचा पेला उचलला, सदऱ्याच्या खिशातून मुठीत काहीतरी घेतलं, पाठ फिरवून ते मेजावर ठेवलं आणि त्यावर पेला पालथा घातला. पेल्यावर आपला तळहात ठेवून ते म्हणाले, “याखाली काय आहे, ते मला सांग.”

चारुताला काही समजेना. तिकडे पिशव्यांवर हाताने गट लिहिले जात होते आणि इकडे हा कसला खेळ? तरी तिने हात पुढे केला. आबांचा तळहात हलला नाही.

“तुमचा हात आहे त्यावर,” ती म्हणाली.

“आहे खरा.”

“मग मी थांबते.”

“थांब.”

ती थांबली. मुठीतला फोन घामाने ओला झाला होता. खाली दुकानात कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्या पंपाचा श्वास ऐकू येत होता. निनाद दाराशी येऊन उभा राहिला. मग आबांनी पेल्यावरचा हात काढून घेतला आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायला घेतला. चारुता त्यांच्याकडे पाहत राहिली. चष्मा पुसून झाला, डोळ्यांवर चढला. तरी ती पाहतच होती.

“हं, सांग,” आबा म्हणाले.

“काय सांगू?”

“पेल्याखाली काय आहे?”

“तुम्ही दाखवलंच नाहीत.”

“मी दाखवीन असं कधी म्हटलं होतं?”

चारुता घाईने म्हणाली, “मग... काहीच नसेल खाली.”

“अगं ए चारू!” निनादला राहवेना. “हात केव्हाच काढलाय त्यांनी. उचल की तो पेला!”

तिने पेला उचलला. खाली हिरवा वेलदोडा होता.

“माझा हात होता तोवर तू थांबलीस, ते योग्यच केलंस,” आबा हळूहळू म्हणाले. “दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून घेऊ नये. पण हात निघाल्यावर तू पेला उचलला नाहीस. माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीस. जणू थांबलीस एवढ्यानेच पेला उचलला जाणार होता. तो हात माझ्या कामासाठी तिथे होता, बाळ, तुझ्यासाठी पेला उचलायला नव्हता. थांबणं म्हणजे पाहणं नव्हे. ज्याने थांबून झाल्यावर पाहिलं नाही, त्याला भरला पेलाही रिकामाच दिसतो, आणि वर तो जगाला सांगतो की आत काही नाही.”

चारुता हातातल्या वेलदोड्याकडे बघत होती. मग तिने एकदम मान वर केली.

“आबा, ती पुन्हा मागायची ओळ! मी ती काढून टाकली.”

“कोणती ओळ?”

“एके ठिकाणी ब्लॉक दोनदा मागितला होता. पहिल्यांदा मागताना तो दुसऱ्या कोणी धरून ठेवलेला असेल, त्याच्यावर लॉक असेल, तर मागणारा मुकाट्याने परत येतो. ब्लॉक आणायला कोणी जातच नाही. मग आपण लॉक सुटेपर्यंत थांबतो. लॉक सुटतं, पण ज्याने धरला होता तो आपलं काम करून, ब्लॉक न आणताच, गेलेला असतो. आपण पाहतो तर ब्लॉक आलेला नाही. आणि आपण म्हणतो, डिस्क बिघडली!”

“आणि तुझ्या चाचणीत?”

“माझ्या चाचणीत दुसरा हातच नव्हता. मी एकटीच मागत होते.” ती निनादकडे वळली. “रक्तपेढीत एकीकडे नोंदी लिहिल्या जातात आणि त्याच वेळी दुसरीकडे वाचल्या जातात. तिथे दोन हात आहेत.”

आबांनी यंत्रासमोरची खुर्ची सोडली. चारुता तिथे बसली, आणि तिने पेला पालथा घातला.

आधी तिने चाचणीत दुसरा हात आणला: एक जण ब्लॉक धरून ठेवणार, दुसरा त्याच क्षणी तो मागणार. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर तीच सकाळची तक्रार उमटली, ब्लॉक वाचता येत नाही. चूक पाहून एखाद्याला इतकं हायसं वाटलेलं निनादने कधी पाहिलं नव्हतं. मग तिने आपलं फंक्शन नव्याने लिहिलं. ब्लॉक दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचं. सुटला की तो आपल्या हातात धरायचा. मधल्या वेळात कोणी तो आणून ठेवलाय का ते पाहायचं. नसेल तर स्वतः आणायचा. आणि एवढं करूनही आला नाही, तरच डिस्कला दोष द्यायचा. त्या ओळींच्या वर तिने साध्या शब्दांत टीप लिहिली, म्हणजे पुढे कोणाला ती जास्तीची खबरदारी वाटून तो ती काढून टाकणार नाही.

दोन हातांची चाचणी तिने पुन्हा चालवली. चालत राहिली. तक्रार आली नाही. आबांनी एकेक ओळ वाचून मान डोलावली, आणि चारुताने पेला सरळ केला.

“आता एक विचारतो,” आबा म्हणाले. “दुपारी हा पेला असाच सरळ होता. तू आलीस, बसलीस, भाकरी खाल्लीस. मला काय विचारलंस?”

चारुताने आठवून पाहिलं. “काहीच नाही.”

“रक्तपेढीचं यंत्र अडल्याचं मला आत्ता तुझ्याकडून कळलं.”

“मला वाटलं, हिने सांगितलं,” निनाद कान खाजवत म्हणाला.

“आणि हिला वाटलं, तू सांगितलंस. बरं. मग चारुता, तुला हे काम जमत नाही असं कोण म्हणालं?”

सकाळपासून चारुता त्या दाराशी थांबली होती, आणि थांबणं हेच विचारणं झालं अशा समजुतीने आबांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होती. तिथे ते असणार तरी कुठून? प्रश्न कोणी आत नेलाच नव्हता. जी चूक तिने कोडमध्ये ठेवली होती, तीच ती दिवसभर जगली होती.

“काम सोडायचं की नाही ते तू ठरव,” आबा वेलदोडा सोलत म्हणाले. “पण ठरवण्याआधी पेला उचलून बघत जा.”

शिबिर उठल्यावर दुरुस्त कोड रक्तपेढीकडे गेला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं. चारुता फोन हातात घेऊन बसली. बऱ्याच वेळाने तिने नंबर लावला. फोन व्यस्त होता. संपलं, तिच्या मनात आलं. पुन्हा बंद पडलं, आणि आता वैशालीताई वरच्या कोणाला तरी तक्रार सांगतायत.

चारुताने फोन मेजावर ठेवला. लाइन मोकळी होण्याइतका वेळ जाऊ दिला. मग स्वतः पुन्हा नंबर फिरवला.

“वैशालीताई, चारुता बोलतेय. यंत्र लिहून घेतंय का?”

“घेतंय की हो! शिबिराच्या निम्म्या नोंदी भरूनही झाल्या. मघापासून तेच सांगायला तुम्हाला फोन लावतेय, तर तुमचाच लागेना!”

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुता आबांच्या दाराशी गेली, तेव्हा पेला पालथा होता. ती परत फिरली नाही. उंबऱ्याजवळ स्टूल ओढून बसली. बऱ्याच वेळाने आबांनी पाठ ताठ केली आणि पेला सरळ करून ठेवला. चारुता उठली, आत गेली.

“आबा,” ती म्हणाली, “मला एक विचारायचं होतं.”

दुसऱ्याचा हात निघेपर्यंत थांबणं हा आपला धर्म आहे. तो निघाल्यावर आपला हात पुढे करणं, हे मात्र आपल्यासाठी दुसरं कोणी करत नाही.